ताजिखान स्थळ बघायला जाते

ताजिखानला हे स्थळ मोडायचं होतं. पण मोडायचं तर स्वतःच्या डोळ्यांनी बघून मोडायचं, म्हणजे उद्या लेक बोल लावणार नाही, एवढ्यासाठीच ती केरिया शहरातून निघाली होती. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. बाजारात बायकांचे झगे शिवून तिने मुनेव्वेरला एकटीने वाढवलं आणि ती पोरगी भाळली कुणावर, तर मेंढे विकायला आलेल्या पाझिलवर. हा पाझिल राहायचा दर्याबोयीत, जिथे केरिया नदी वाळूत जिरून संपते तिथे. एका घरापासून दुसरं घर उंटावरून दोन तास. तिथे माझी लेक आजारी पडली तर हाक कुणाला मारील? महिनाभर ताजिखानच्या डोक्यात हेच घोळत होतं.

जीपवाला हेकिम रस्ता पाठ असल्याच्या शपथा घेऊन निघाला होता. उन्हाळ्यातल्या पुराने वाटा पुसल्या होत्या, पण वाट विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेतल्यावर भर दुपारी, वाळवंटी पॉप्लरच्या म्हाताऱ्या झाडांखाली एक घर दिसलं. हेकिमने गाडी थांबवली आणि गड जिंकल्यासारखं तिच्याकडे बघितलं.

घरात चिटपाखरू नव्हतं. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. दर्याबोयीत कुलूप कुणी लावत नाही. धनी बाहेर असला तर पाहुण्याने आत जावं, चूल पेटवावी, खावं, निजावं. हे ताजिखानला माहीत होतं, तरी तिचा पारा चढला. महिनाभर आधी निरोप धाडून मुलीची आई दारात येते आणि स्वागताला कुणी नाही? तिने आत पाऊल टाकलं ते दोष काढायच्या तयारीनेच.

दोष हवे तेवढे होते. झाऊच्या झुडपांच्या काठ्यांच्या भिंती, मातीचा गिलावा निम्मा गळलेला, फटींतून ऊन आत. विहिरीचं पाणी मचूळ. पण भांडी लख्ख घासून पालथी घातलेली होती, सरपण तोडून रचलेलं होतं आणि पिठाची पिशवी परक्याच्या हाताला सहज लागेल अशी वाशाला टांगलेली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला नीटनेटकेपणा दिसल्यावाचून राहत नाही. तिने मुकाट्याने चहा ठेवला.

सूर्य कलल्यावर मेंढ्या घेऊन एक म्हातारा आला. आपल्याच घरातून धूर निघताना बघून त्याचा चेहरा फुलला. छातीवर हात ठेवून त्याने सलाम केला, घरात नव्हतो म्हणून माफी मागितली, नाव सांगितलं मेतसेयदी, आणि बाह्या सरसावून पीठ मळायला बसला. बायको केरियाला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे म्हणाला. नेमकी आजच, असं ताजिखान मनात म्हणाली. तिने पाण्याला नाव ठेवलं, भिंतींना नाव ठेवलं. म्हातारा प्रत्येक वेळी मान डोलवून ‘खरं आहे’ म्हणाला. तोवर त्याने निखारे बाजूला सारून गरम वाळूत भलीमोठी भाकर पुरली होती. ती त्याने काढली, झटकली, मोडली, तेव्हा वाळूचा एक कण दाताखाली येईना. अशी चव ताजिखानने जन्मात घेतली नव्हती, पण हे ती कबूल करणार नव्हती.

सोयरीक ठरेपर्यंत व्याही म्हणायचं नाही, म्हणून ती त्याला दादाच म्हणत होती. शेवटी तिने सरळ विचारलं, “दादा, पाझिल कसा आहे?”

“अबोल आहे. दहा प्रश्नांना एक उत्तर. आणि हट्टी. गेल्या वर्षी माझं ऐकलं नाही, उंटीण गमावून बसला.”

ताजिखान चाट पडली. आपला तो बाब्या, हा जगाचा नियम. इथे बाप आपल्याच बाब्याची उणीदुणी परक्या बाईपुढे मांडत होता. अशा माणसाबद्दल तिला पहिल्यांदाच आदर वाटला आणि त्या भरात मनातलं तोंडावर आलं.

“मला एकुलती एक मुलगी आहे. इथे दोन-दोन तास माणूस नाही. ती आजारी पडली तर धावून येणार कोण?”

भाकरीचा मऊ भाग तिच्याकडे सरकवून म्हातारा म्हणाला, “गेल्या हिवाळ्यात मी एकटाच होतो, पाय मोडला. दोन दिवस असाच पडून. माझ्या मेंढ्या तहानेने पाझिलच्या विहिरीवर गेल्या. कानावरची खूण बघून त्याने ओळखलं आणि तसाच निघाला. एकोणीस दिवस राहिला इथे. मला उचलून बाहेर नेलं, आत आणलं.”

“त्यात काय मोठंसं? वेगळा राहिला तरी मुलाने बापाचं करायचं नाही तर कुणी?”

मेतसेयदी तिच्याकडे बघतच राहिला. “मला मुलगा कुठला, ताई? दोन मुली, दोन्ही दिल्या. पाझिलचं घर कोरड्या पात्रापलीकडे. मला वाटलं, तुम्ही रीतीप्रमाणे आधी शेजाऱ्याकडे चौकशीला आलात.”

हेकिमला एकाएकी जीपच्या चाकांची काळजी वाटू लागली आणि तो बाहेर पळाला. ताजिखानला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्थळ मोडायचंच म्हणून मुलाच्या बापाचं नावही तिने कधी विचारलं नव्हतं, आणि आता परक्या माणसाचं पीठ खाऊन त्याच्याच भिंतींना नावं ठेवली होती.

“तुम्ही मला विचारलं का नाही, मी कोण ते?”

“पाहुण्याला विचारतात होय?” म्हातारा ओशाळून म्हणाला. “आणि भिंतींना फटी आहेतच की.”

ताजिखानला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती जे विचारायला दीड दिवस वाळू तुडवत आली होती त्याचं उत्तर समोर भाकर मोडत बसलं होतं. चुकीच्या घरात शिरली नसती तर हे तिला कुणी पटवून दिलं नसतं. तिने डोळे पुसले, केरियाच्या बायकांच्या रीतीने पांढऱ्या ओढणीवर टाचलेली चहाच्या पेल्याएवढी टोपी सारखी केली आणि उठली.

“दादा, तुम्हीही चला. माझ्या बाजूने बोलायला पुरुष नाही. तुम्ही मुलीकडचे म्हणून बसा.”

“ताई, मी त्यांचा शेजारी.”

“आता तिचेही होणार ना? तिने हाक मारली तर तुम्हालाच जायचं आहे. मग आजपासूनच तिच्या बाजूने बसा.”

मेतसेयदीने विहिरीवर जाऊन हात-तोंड धुतलं, पेटीतला धुवट अंगरखा काढून घातला, दाढी नीट केली आणि जीपमध्ये पुढच्या जागेवर ताठ बसला.

“चल रे,” तो हेकिमला म्हणाला, “आम्हा मुलीकडच्यांना उशीर झालाय.”