लहरीबाबांच्या तीन कड्या

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाई मशीनच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका काठीवर खिळले होते. काठी आडवी, तिची दोन्ही टोकं लहरीबाबांच्या हातांत. काठीला तीन दोरे बांधलेले: एक आखूड, एक मधला, एक लांब. प्रत्येकाच्या टोकाला धातूची कडी. आखूड दोऱ्याची कडी म्हणजे 'हो', मधली म्हणजे 'थांब', लांब दोऱ्याची म्हणजे 'नाही'.

"सारं ब्रह्मांड म्हणजे लहरी," बाबा डोळे अर्धवट मिटून सांगत. "क्वांटम काय म्हणतं? हेच म्हणतं! शास्त्रज्ञ आत्ता कुठे इथवर पोचलेत. मी सातवीत पोचलो होतो."

सातवीच्या पुढे बाबा कुठवर पोचले, हे कुणी विचारत नसे. विचारणार तरी कोण? काठी स्थिर, हात स्थिर, आणि तिघींपैकी एकच कडी हळूहळू डोलू लागायची. बाकीच्या दोघी जागच्या जागी. हातानं हलवली असती तर तिन्ही हलल्या नसत्या का? या एका प्रश्नापाशी भल्याभल्यांची बोलती बंद होई.

त्या गर्दीत भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसायची. वर्गात तिला गप्पू म्हणत, कारण ती बोलायची नाही. फिजिक्स शिकणारी पोर इथे कशी, असं तुम्ही म्हणाल. पण ती काही उत्तरांसाठी येत नव्हती.

वर्गातले गट पहिल्याच महिन्यात जमून गेले होते. एकदा धीर करून ती न सुटलेलं गणित घेऊन कँटीनमधल्या एका गटाच्या टेबलाशी गेली. "बस ना," असं म्हणून त्यांनी बॅगा सरकवल्या, आणि गप्पा तिच्या डोक्यावरून पुढे चालू राहिल्या. चहा संपवून ती उठली, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. फिजिक्सच्या मॅडमना व्हरांड्यात गाठून अनुनादाच्या प्रकरणातली शंका विचारली, तर मॅडम चालता चालता म्हणाल्या, "आधी पुस्तक नीट वाच." तिनं पुस्तक अनेकदा वाचलं होतं. घरून आईचा फोन यायचा, "अभ्यास होतोय ना बाळा? आपल्या घरातली कॉलेजात गेलेली तू पहिलीच." गप्पू म्हणायची, "होतोय." दुसरं काय म्हणणार?

तिच्या भाड्याच्या खोलीसमोर एक मावशी एकट्याच राहायच्या. त्यांचा मुलगा भांडून दूरदेशी गेला होता. पुष्कळ वर्षांत त्याचा फोन नव्हता. त्या दर आठवड्याला बाबांना विचारत, "येईल का हो?" आणि 'हो'ची कडी डोले. त्यांनीच गप्पूला इथे आणलं. त्या तिच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवत, "आज चेहरा का उतरलाय गं?" म्हणून विचारत. एवढ्यासाठी गप्पू यायची.

एके दिवशी तिनंही विचारलं, "बाबा, मला फिजिक्स जमेल?"

लांब दोऱ्याची कडी डोलू लागली.

"तुझ्या लहरी त्या विषयाशी जुळत नाहीत, बेटा. सोडून दे. इथे सेवेला ये."

लोक हळहळले. मावशींनी पाठीवरून हात फिरवला. आणि गप्पूला वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं. सुटले एकदाची!

विषय सोडायचा तर मॅडमना सांगणं भाग होतं. मॅडम प्रयोगशाळेत तारांचा गुंता सोडवत होत्या.

"जमणार नाही असं कोण म्हणालं?"

"कड्या."

"कोण?"

तिनं सांगितलं. मॅडमना हसू फुटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. तारा बाजूला ठेवून त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बस. कड्या कशा हलतात? जसं दिसलं तसं सांग."

तिनं काय पाहिलं, हे कॉलेजात आजवर कुणी विचारलं नव्हतं. गप्पू बोलत गेली. ऐकता ऐकता मॅडमनी फूटपट्टीला आखूड, मधला, लांब असे तीन दोरे बांधले, टोकांना नट अडकवले आणि पट्टी तिच्या हातात दिली.

"हात हलवायचा नाही. नुसतं मधल्या नटाकडे बघ."

मधला नट डोलू लागला.

"मी नाही हलवला!"

"ठाऊक आहे. आता लांब दोऱ्याकडे बघ."

मधला मंदावला, लांब दोरा झुलू लागला. गप्पूच्या अंगावर काटा आला.

"का?" मॅडमनी विचारलं आणि त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. अजिबात घाई न करता.

"प्रत्येक दोऱ्याचा आपापला ठेका असतो," गप्पू अडखळत म्हणाली. "लांबीवर ठरणारा. माझा हात हलतोय, पण मलाही कळू नये इतका थोडा. मी ज्याच्याकडे बघते, त्याच्याच ठेक्यावर. झोपाळ्याला वेळेवर नुसतं बोट लावत राहिलं तरी तो चढतो, तसं. बाकीच्यांना धक्के अवेळी बसतात, म्हणून ते..." ती थांबली. "मॅडम, हा तर अनुनाद!"

"हो. तुला न जमणारं प्रकरण."

पुढच्या बैठकीला गप्पू सगळ्यांदेखत उभी राहिली. "बाबा, काठी दोन खुर्च्यांवर ठेवून विचारू या का?"

"लहरींना जिवंत हात लागतो!"

"मग मावशींचा चालेल?"

लोकांनाही गंमत वाटली. "द्या हो बाबा, द्या!" काठी मावशींच्या हाती आली.

"मावशी, मनात काही विचारू नका. मधलीकडे बघा." मधली डोलली. खोलीत कुजबुज झाली. "आता लांब दोऱ्याकडे."

लांब दोऱ्याची कडी झुलू लागली. 'नाही'ची कडी, मावशींच्या स्वतःच्या हातात. गप्पूनं दोऱ्यांचं शास्त्र पक्कं समजून घेतलं होतं, पण मावशींना हे कसं लागेल, एवढं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे तो येईल, असं कुणीच सांगत नव्हतं?" मावशींनी विचारलं.

"बाबांचा हात सांगत होता, मावशी."

"पोरगी नापास होणार म्हणून चिडलीय!" बाबा ओरडले. काहीजण हसले, काहीजण चपला शोधू लागले. निम्मे बसून राहिले. ते आजही बसतात. मावशी काठी खाली ठेवून एकट्या जिना उतरल्या.

त्यानंतर त्यांचं दार बंदच असायचं. परीक्षा झाली. अनुनादाचा प्रश्न गप्पूनं सोडवला, दुसरे दोन चुकले. मॅडम आता शनिवारी प्रयोगशाळा उघडी ठेवतात. ज्याला समजलं नाही त्यानं यावं. पहिल्या शनिवारी गप्पू एकटीच होती. नंतर कँटीनच्या टेबलावरचा एकजण आला आणि दारातूनच म्हणाला, "मलाही नाही कळलं."

शेवटी एका संध्याकाळी तिनं मावशींचं दार वाजवलं.

"आता कशाला आलीस? होतं तेवढंही घेतलंस."

"हो," गप्पू म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

मावशी दाराला टेकून म्हणाल्या, "मग आता विचारू कुणाला?"

"त्यालाच. नंबर आहे ना?"

मावशींनी फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. उचलेल की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. गप्पूनं मावशींचा हात धरला.

वाचकहो, काठीला प्रश्न विचारला की आपल्याच मनातली आशा किंवा भीती परत मिळते. ज्याला ठाऊक आहे, त्याला विचारा. उत्तर कडू असेल, कदाचित मिळणारही नाही. पण विचारणाऱ्याला एकटं सोडू नका.