तिसऱ्या पायरीवरचे काका

तिला घरात टकळी म्हणत, कारण ती फिरायची थांबत नसे. टकळी म्हणजे अर्थात तिची जीभ. गेल्या वर्षापर्यंत ही जीभ फक्त घरात चालायची. वर्गात उभं केलं की तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प. यंदा कुणीतरी चेष्टेने तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेत दिलं आणि ही चक्क पहिली आली! तेव्हापासून बाईसाहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. मैत्रिणींचं भांडण असो, शेजाऱ्यांचं कुत्रं हरवलेलं असो, टकळी कमरेवर हात ठेवून हजर. "थांबा, मी बघते काय ते."

अशा मुलीच्या हाती आत्याने मैत्री भावना द्यायला नको होती, असं आई नंतर म्हणाली. पण ते नंतर.

आत्या त्यांच्याचकडे राहायची आणि हॉस्पिटलात नर्स होती. ड्यूटीला जाण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर डोळे मिटून बसायची. एका सकाळी टकळीने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आत्या, झोप काढतेस ना?"

"मैत्री भावना करतेय. तू गप्प बसलीस तर तुझ्यासाठीही करीन."

मग काय, सगळं विचारून घेतल्याशिवाय टकळी हलते थोडीच! आत्याने सांगितलं, की जुन्या भिक्खूंनी याच्या पायऱ्या घालून दिल्यात. पहिल्या पायरीवर आपण स्वतः. दुसरीवर जिवाभावाचं माणूस. तिसरीवर असं कुणीतरी, जे आवडतही नाही आणि नावडतही नाही. मग डोळ्यांत खुपणारं माणूस. आणि शेवटी जगातले झाडून सगळे जीव. प्रत्येकाला मनात धरायचं आणि म्हणायचं, सुखी असा, सुरक्षित असा, दुःखातून सुटा.

"हात्तिच्या, एवढंच?"

पहिल्या दोन पायऱ्या टकळीने उड्या मारत पार केल्या. पहिलीवर तर ती जरा जास्तच रेंगाळली. चौथीसाठी वर्गातल्या मुलींची रांगच लागली होती. घोडं अडलं ते तिसरीवर.

"मला असं कुणी मिळतच नाहीये गं! मला माणसं एक तर आवडतात, नाहीतर डोक्यात जातात. मधलं खातंच नाही माझ्याकडे."

"शोध. रोज समोरून जात असशील आणि लक्षही जात नसेल."

तर असे सापडले किल्लीवाले काका. शाळेच्या वाटेवर औषधांचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत त्यांची टपरी होती. टपरी कसली, उभं कपाटच! मागे खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, पुढे किल्ली कापायचं मशीन, आणि मधे काका कसेबसे मावलेले. मशीन सुरू झालं की दातांतून कळ जायची. काकांच्या शर्टावर, भुवयांवर पितळेची बारीक भुकटी. टकळी कित्येक वर्षं तिथून जात होती आणि काकांना चष्मा आहे की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं. मस्त! एकदम तिसऱ्या पायरीचा माल.

येता-जाता ती मनात म्हणू लागली, सुखी असा, सुरक्षित असा, दुःखातून सुटा. पण माणसासाठी काही म्हणायचं तर त्याच्याकडे बघावं लागतं, आणि बघायला लागलं की दिसायलाही लागतं. चष्मा होता, आणि त्याची एक काडी तारेने बांधलेली होती. शर्टाचं एक बटण रंगाने वेगळं होतं. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली एक किल्ली होती, आणि काका काम करता करता ती मधूनच चाचपून बघायचे. दुपार झाली की टपरीला "आलोच" अशी पाटी लटकवून ते जवळजवळ पळत कुठेतरी जायचे.

एके दिवशी मशीन बंद करून त्यांनी तिला हाक मारली.

"ए मुली, इकडे ये. रोज माझ्याकडे बघून ओठ हलवतेस. शाप देतेस की काय?"

टकळीने एका दमात आत्या, भिक्खू, पायऱ्या, सगळं सांगून टाकलं. तुम्ही आवडत नाही आणि नावडतही नाही, हेसुद्धा. जीभ ती, थांबते कुठे!

काका खो खो हसले. "बायकोनंतर इतकं खरं बोलणारी तूच भेटलीस." मग हसता हसताच त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. "माझं राहू दे. काकूसाठी म्हणशील का? काकूला विसरायचा आजार झालाय. घराबाहेर पडली की हरवते. एकदा पार रेल्वेच्या रुळांवर सापडली."

"मग त्या घरी एकट्या?"

"कुलूप लावून येतो," काका म्हणाले, आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

त्या दिवसापासून काका तिसऱ्या पायरीवर राहिलेच नाहीत. टकळीने किती ढकललं, तरी ते दुसरीवर चढून बसले, आणि शेजारी न पाहिलेल्या काकू.

पुढच्याच शनिवारी शाळा लवकर सुटली. टपरीपाशी एक बाई रडत उभी होती. वाऱ्याने तिचं दार लागलं होतं, आत तान्हं मूल, आणि किल्लीही आतच. काका हत्यारं पिशवीत कोंबत होते. टकळीला बघून ते थबकले. काकूंना दूध द्यायला घरी जायची वेळ हीच होती.

नाडी गळ्यातून काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. "औषधाच्या दुकानामागे पिवळी इमारत आहे. दुसरा मजला, जिन्याला लागून. दूध ओट्यावर झाकून ठेवलंय. तिला द्यायचं, कुलूप लावायचं, किल्ली परत आणायची. बाकी काही करू नकोस हं, बाळ. जगाला किल्ल्या करून देतो, पण या कुलपाची दुसरी केलेली नाही मी."

"काका, तुम्ही बिनधास्त जा. मी आहे ना!"

दाराला बाहेरून कडी होती, कडीला कुलूप. आत खोली लख्ख. गॅसची बटणं काढून ठेवलेली, आरशावर वर्तमानपत्र चिकटवलेलं, खिडकीला जाळी. आणि दारासमोरच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. केस विंचरलेले, पायांत बूट, मांडीवर पर्स. जशी काही गाडी यायचीच बाकी होती.

"आलीस? चल, निघू या. मला घरी सोड."

"काकू, हे तुमचंच घर आहे."

"माझं घर मला कळत नाही होय? आई वाट बघत असेल. दिवेलागणीच्या आत पोचायला हवं."

टकळीने वक्तृत्व स्पर्धेतला सगळा जोर लावला. भिंतीवरचा लग्नाचा फोटो दाखवला. काकांचं नाव घेतलं. कपाट उघडून साड्यासुद्धा दाखवल्या. प्रत्येक पुराव्यागणिक काकूंचा चेहरा जास्तच बारीक होत गेला, आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, लहान मुलं खूप रडून झाल्यावर रडतात तशा. दुधाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता काय करावं? टकळीला आठवलं ते एकच. तिने काकूंचे हात हातात घेतले आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, "काकू, सुखी असा. सुरक्षित असा. दुःखातून सुटा."

काकूंनी डोळे पुसले. तिच्याकडे नीट बघितलं.

"मग दार उघड ना."

नुसतं म्हणायचं आणि कुलूप लावून निघून जायचं, ही कसली मैत्री! टकळीने मनाशी ठरवून टाकलं. फक्त कोपऱ्यापर्यंत. हात धरून न्यायचं, हात धरून आणायचं. काकांना कळणारही नाही.

आणि खरं सांगायचं, तर सुरुवातीला सगळं काय सुरेख झालं! रस्त्यावर पाय पडताच काकू निम्म्या वयाच्या झाल्या. ताठ मान, भराभर पावलं. फुलांच्या दुकानापाशी थांबून त्यांनी फुलवाल्याला सुनावलं, "शिळी आहेत, पाणी मारून ठेवलीस!" फुलवाला ओशाळला. टकळीला इतकं हसू आलं! बघा, म्हणे आजारी. नुसतं कोंडून ठेवलंय बिचारीला.

कोपरा आला. काकू वळल्या नाहीत.

पुढचाही कोपरा गेला. टकळी "काकू, आता परत" म्हणत राहिली आणि काकू तिला ओढत राहिल्या. शेवटी त्या एका बँकेसमोर थांबल्या. शटर खाली होतं. काकू शटरवर थापा मारू लागल्या. "आई! ए आई! मी आलेय." आधी लाडाने, मग रागाने, मग दोन्ही मुठींनी. टकळीने त्यांचा दंड धरला, तर तिच्या गालावर फाडकन बसली.

"ही कोण? मी हिला ओळखत नाही! मला धरून ठेवलंय हिने!"

माणसं जमली. "काय गं, कुठे ओढतेस त्यांना?" "पर्स बघा आधी त्यांची." "शाळेच्या कपड्यात आणि हे धंदे?" एरवी टकळी एकेकाला पुरून उरली असती. पण आता काय सांगणार? ज्या बाईसाठी ती बोलणार, तीच तिच्याकडे भुतासारखी बघत होती.

काका धावत आले. तान्ह्याला सोडवून ते घरी गेले होते आणि दार उघडं बघून रस्ताभर विचारत सुटले होते. फुलवाल्याने दिशा दाखवली. शटरपाशी जाऊन त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, तुम्हाला न्यायला आलोय. आईंनी पाठवलंय."

काकूंच्या मुठी थांबल्या. "आईने?"

"हो. इथलं घर सोडून दुसरीकडे राहायला गेल्यात त्या. चला, सोडतो."

काकू त्यांचा हात धरून परक्या माणसाबरोबर जावं तशा संकोचून चालू लागल्या. टकळी मागून. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर काकूंनी दार ओळखलं, चौकट घट्ट धरली, आणि काकांना त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग कडी. मग कुलूप. आतून धडका सुरू झाल्या.

"काका, चुकले मी."

"हं." काकांनी हात पुढे केला. टकळीने किल्ली दिली. नाडी गळ्यात घालताना ती चष्म्याच्या तारेत अडकली, तर त्यांना ती पटकन काढताही येईना. "सगळं विसरते गं ती. पण दार उघडतं, हे आता विसरेल असं वाटत नाही."

आणि नाहीच विसरल्या. आधी त्या खुर्चीत तरी बसायच्या. आता दिवसभर दाराशीच.

आत्या रागावली नाही, आणि तेच जास्त लागलं. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः काकांना भेटून आली. टकळी तिच्या पाठीच लागली.

"डॉक्टर?"

"दाखवलंय. जेवढं औषध आहे तेवढं देतायत."

"अशा लोकांना दिवसभर सांभाळणारी जागा असेल ना कुठेतरी?"

"होती एक. तिथे काकूंनी अन्न सोडलं. काका महिनोन्महिने घरी बसले, तर टपरी जायची वेळ आली."

"मग मी जाते रोज. आत बसते."

"अनोळखी माणूस आत आलं की त्या घाबरतात. आता तर तू..."

"म्हणजे काहीच करता येत नाही? असं कसं असेल, आत्या? काहीतरी असेलच ना!"

आत्याने तिचे केस मागे सारले. "वॉर्डात रोज बघते मी. कधी कधी काहीच नसतं, बाळा."

"मग तू सकाळी उठून म्हणतेस कशाला ते सगळं?"

आत्याने स्टूल ओट्याखाली सरकवलं. "मलाही नीट सांगता येत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टकळी पिवळ्या इमारतीचा जिना चढली. किल्ली नव्हती, मागायचं तोंडही नव्हतं. आतून थापा ऐकू येत होत्या, दमलेल्या, एकेक. ती दाराशी फरशीवर बसली. मनात ती तीन वाक्यं म्हणायला गेली, पण "सुटा" वर येऊन जीभ अडकली. समोर ते कुलूप लटकत होतं.

दप्तर सरकल्याचा आवाज झाला असावा. थापा थांबल्या.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

टकळीने नाव सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. "शाळेतून येत होते."

"दार उघड गं."

"नाही उघडता येत, काकू. माझ्याकडे किल्ली नाहीये."

मग काकू दाराला घासत खाली बसल्याचं कळलं, कारण पुढचा आवाज टकळीच्या कानाच्या उंचीवरून आला.

"मग काय करतेस तिथे?"

"काही नाही. बसलेय."

"दाराला टेकलीयेस?"

"हो."

"टेकू नकोस," काकू म्हणाल्या. "मी उघडेन ना आता. पडशील."

टकळी पुढे सरकून बसली.