अक्षदाच्या नावानं

सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड पुरे, हे तुम्हीच सांगितलंत, साहेब. आणि आता गुन्हेगारही एकच पुरे, असं ठरवलंत. जिल्ह्याच्या दूध संघाच्या कचेरीतून तुमचा फोन आला, आणि गावच्या डेअरीचे चेअरमन गेणभाऊ यांनी कबुलीचा कागद कॉम्प्युटरवर बसणाऱ्या अक्षदापुढं सरकवला.

डेअरीचं दूध पिऊन आश्रमशाळेची पोरं ओतूरच्या दवाखान्यात पडून होती. एक मुलगी अजून डोळे उघडत नव्हती. नासक्या दुधाच्या टँकरला कॉम्प्युटरवर ‘तपासणी ठीक’ असा शेरा पडला होता, आणि शेऱ्याखाली ऑपरेटरचं नाव अक्षदाचं होतं.

“सही कर, पोरी. कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई.”

“त्याच्यावर सगळेच माझ्या नावानं बसतात, भाऊ. मी वेगवेगळे पासवर्ड मागितले व्हते.”

“घरातल्या घरात कुणी कुलूप लावतं व्हय?” गेणभाऊ हसले. “आन् फोनवर वरडून तूच सांगायचीस की. निम्म्या गावाला पाठ हाय.”

ते खरं होतं. मागणारा कुणी काका, कुणी दादा. नाही म्हटलं तर पोरगी माजली.

दारात तिचा बाप सोपान दुधाचं कॅन घेऊन उभा होता.

“सोपान, समजाव हिला. लगीन तोंडावर आलंय. पावण्यांच्या कानावर गेलं तर लई वाईट.”

सोपाननं कॅन खाली ठेवलं. लेकीच्या हातातलं पेन काढून स्वतःच्या खिशाला लावलं.

“भाऊ, टँकर गेला त्या दुपारी हिचा साखरपुडा चालला व्हता. माइकवर तुमीच बोललात, अक्षदा आमच्या डेअरीची लेक.”

“माइकवरचं कोण ध्यानात ठेवतं?” गेणभाऊ हळूच म्हणाले. “कॉम्प्युटरातलं मात्र छापून निघतंय.”

बाहेर रांग वाढली होती. कॅनांची झाकणं वाजू लागली. कुणीतरी ओरडलं, “आवरा राव, दूध तापाया लागलं!”

गेणभाऊंचा पुतण्या भरत खिडकीजवळून उठला. कुणाकडं न बघता कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसला, कुणाला काही न विचारता त्यानं पासवर्डाची बटणं दाबली. सवयीचा हात.

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘नमस्कार, अक्षदा.’

भरतचं बोट बटणावरच राहिलं.

सोपान पडद्याजवळ गेला. त्याला वाचता येत होतं, तरी त्यानं ते दोनदा वाचलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “ह्या खुर्चीत आता कोण बसलंय? समद्यांच्या देखत सांगा.”