डिस्क जुनीच ठेवा

"डिस्क बी नवी टाका की मामा." यवतवरून आलेला रशीद कॉम्प्युटरचा पत्रा उघडून बसला होता. "जळला तसला बोर्ड आता मिळत न्हाई. म्हंजी प्रोसेसर, रॅम समदं नवंच आलं. मग ही म्हातारीच कशाला ठेवायची?"

"ऱ्हाऊ दे," हनुमंत म्हणाला. "तिच्यात पूनमचं काम हाय."

"चालली तर चालली. माझी गॅरंटी न्हाई."

न्हावऱ्यातल्या या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन पूनम करायची. तिचा नवरा हनुमंत बांबू आणि दोऱ्या घेऊन फ्लेक्स बांधायला जायचा. वाढदिवस असो की दहावा, पूनमच्या हाताखालून गेल्याशिवाय गावातलं कुणी चौकात झळकत नसे. उद्या तिचाच दहावा होता आणि घरात तिचा एक धड फोटो नव्हता. मोबाइलमध्ये होते ते सगळे गिऱ्हाइकांचे. असलाच तर याच डिस्कमध्ये असणार होता. हनुमंताला अजून रडू आलेलं नव्हतं.

नवा बोर्ड बसला. स्क्रीन काळीच राहिली.

"नवा बोर्ड जुन्या डिस्कला ओळख देत न्हाई," म्हणत रशीदनं सेटिंग बदललं. मग स्क्रीन निळी झाली आणि बंद पडली. हनुमंत एस.टी.ची वाट बघावी तसा बघत राहिला. तिसऱ्या खेपेला पूनमनं मांडलेल्या फायली जशाच्या तशा समोर आल्या.

दोघांनी सगळं धुंडाळलं. शेवटी ती सापडली, बचत गटाच्या हळदीकुंकवाच्या फ्लेक्सवर, बायकांच्या अगदी मागच्या रांगेत. रशीदनं फोटो ओढून मोठा केला, तर चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले.

"मोठा केला की फाटतोय, मामा."

"मंग बारकाच ठेव."

"एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर तळहाताएवढा? लोकांना दिसायचा न्हाई."

"न्हाई दिसला तर न्हाई. चेहरा मोडू नको तिचा."

दुसऱ्या दिवशी नदीवर फ्लेक्स लागला. नाव तेवढं मोठं होतं, बाकी लांबून सगळं पांढरंच. माणसं नेहमीसारखी सावली धरून बसली होती. भाषणं चालू होती.

तेवढ्यात बचत गटातली सिंधूबाई उठली, फ्लेक्सजवळ गेली आणि वाकून पाहू लागली. ती सरकली तशी दुसरी गेली. बघता बघता बायकांची रांग लागली. मग पुरुषही उठले.

हनुमंत जागचा उठला आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.