चुकीच्या दारी जिंकलेला खटला

खटला हरल्यावर माणूस रडतो, हे आपण सगळेच जाणतो. डेलमर आयसन मात्र जिंकून रडला, आणि त्याला रडवलं त्याच्याच वकिलाने.

लोवेल टॅकेट हा केंटकीच्या डोंगराळ भागातला वकील. माणूस वाईट नव्हता, पण फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचं त्याला भारी वेड. गावातल्या काउंटी कोर्टात, म्हणजे राज्याच्या साध्या कोर्टात, उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटे. डेलमरची तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली. धूळ अडवणारा म्हणून विकलेला मास्क धूळ अडवतच नव्हता. फुफ्फुसं कामातून गेली. मास्कवाली कंपनी ओहायोची. लोवेलचा आनंद गगनात मावेना.

"डेलमर, तू केंटकीचा, ते ओहायोचे. दोन वेगळ्या राज्यांतलं मोठं भांडण, म्हणजे फेडरल कोर्ट!"

काउंटी कोर्टातल्या म्हाताऱ्या क्लार्क मिस व्हर्ना यांनी तेव्हाच टोकलं. "लोवेल, ती भागीदारांची कंपनी आहे. तिच्या दारावरची पाटी बघू नकोस, प्रत्येक भागीदार कुठे राहतो ते बघ. एक जरी केंटकीचा निघाला तर ते कोर्ट तुझं नाही."

"मिस व्हर्ना, तुम्ही शिक्के मारा. कायदा माझ्यावर सोडा."

नाकात ऑक्सिजनची नळी घालून डेलमरने दोन दिवस साक्ष दिली. दर चार शब्दांनी थांबत. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. त्याच्या बायकोने, ओपलने, सगळ्या चर्चला घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव जेवू घातला.

मग अपिलात समोरच्या वकिलाने शांतपणे एक कागद पुढे केला. कंपनीचा एक भागीदार लेक्सिंग्टनला घोडे पाळतो. लेक्सिंग्टन केंटकीत!

"हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं!" लोवेल ओरडला. "या कोर्टाला तुम्ही मान डोलावली होती!"

"कुणाच्या मान डोलावण्याने आम्हाला अधिकार मिळत नाही, मिस्टर टॅकेट," न्यायाधीश म्हणाले. "हा खटला आमचा नव्हताच. निकाल रद्द."

लोवेलने डेलमरच्या घरी जाऊन सांगितलं. डेलमरने नाकातली नळी सारखी केली.

"म्हणजे मी बोललो... ते सगळं फुकट?"

"राज्याच्या कोर्टात पुन्हा दावा लावू. नव्याने साक्ष..."

"मग श्वासही आण," डेलमर म्हणाला. "नवा." आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

आठवड्याने लोवेल काउंटी कोर्टात अर्ज घेऊन उभा राहिला. मिस व्हर्नांनी शिक्का उचलला आणि खाली ठेवला.

"नाव बदल. ओपलचं घाल. सकाळी तिचा फोन आला होता."

लोवेल तिथेच बाकावर बसून रडू लागला.

"रडून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मोठ्या दारात मोठा न्याय, असंच वाटलं ना तुला? अरे, फेडरल कोर्टाला मोजकीच भांडणं नेमून दिलीत. आपलं हे गळक्या छपराचं कोर्ट जवळजवळ सगळ्यांचं ऐकतं, म्हणून तुला त्याची लाज!"

"चुकलो, मिस व्हर्ना."

"मला काय सांगतोस? ज्याला सांगायचं तो गेला."

लोवेल आता नव्या अशिलाची कहाणी ऐकण्याआधी समोरचे कोण, कुठले, ते एकेक करून तपासतो. नागरिकहो, तुम्हीही पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा: हे ऐकण्याचा अधिकार या कोर्टाला आहे का? लाजू नका. निर्धास्त राहिला तो वकील, पण श्वास संपला तो डेलमरचा.