सरावाचा बोगदा

मित्रांनो, मी आता जुना झालेला एक लाकडी बोगदा आहे. २००४ साली शिवाजी पेठेतल्या एका सुताराने मला घडवले. राजारामपुरीतल्या तपासणी केंद्रात एमआरआयचे मोठे यंत्र होते. मी त्याची नक्कल. स्वमग्न मुलांना खऱ्या यंत्राची भीती वाटू नये, म्हणून ती आधी माझ्यात निजून सराव करत.

डॉ. अनुजा तिथे संशोधन करत होत्या. शरीरातल्या पेशी अन्नापासून ऊर्जा तयार करतात. स्वमग्न मुलांच्या मेंदूत हे काम वेगळे चालते का, हे त्यांना त्या यंत्रातून पाहायचे होते.

इचलकरंजीची दानेश्वरी सहा वर्षांची होती. बोलायची नाही. मला पाहताच तिने कान झाकले. मग तिची आई पवित्रा स्वतःच माझ्यात शिरली आणि आतून हसू लागली. तेव्हा कुठे पोर आत आली. टेपवर यंत्राची धडधड लागली, की ती माझ्या फळीवर बोटांनी ठेका धरी. पुढे ती खऱ्या यंत्रातही शांत निजली.

"एवढ्या थोड्या मुलांवरून काहीच सांगता येत नाही," अनुजाबाई म्हणाल्या आणि कामासाठी पुण्याला गेल्या.

त्या गेल्या आणि केंद्राचे मालक हंबीरराव यांनी दानेश्वरीच्या मेंदूचे रंगीत चित्र भिंतीवर लावले. खाली लिहिले, 'मेंदूला ताकद देणारी पावडर'. विकायचे डबे रचले माझ्याच पोटात. तो गोडसर, उग्र वास माझ्या लाकडात मुरला. अजून शिसारी येते.

अनुजाबाई परतल्या त्याच दुपारी पवित्रा आली. खांद्यावर दानेश्वरी मलूल पडलेली.

"तुमच्या मशिनीनं सांगितलंय म्हणून पाजली की, बाई! उलट्या करून पोरगी अर्धी झालीया!"

"पवित्राताई, यंत्रानं असं काहीच सांगितलेलं नाही."

"हुतंय की सुरवातीला थोडं," हंबीरराव हसले.

मुले माझ्यात ओकली होती, मुतली होती. त्याची मला कधी किळस वाटली नाही. त्या हसण्याची वाटली.

अनुजाबाईंनी ते चित्र टराटरा फाडले आणि दानेश्वरीला दवाखान्यात नेले. पोर वाचली. तक्रारीनंतर डबेही जप्त झाले. पण अनुजाबाईंनी पुन्हा बोलावले, तेव्हा पवित्रा म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाय, बाई. पर माझी लेक आता कुठल्या बोगद्यात जायाची न्हाय."

बाकीच्या आयाही आल्या नाहीत. संशोधन अर्धवट राहिले.

मित्रांनो, मला वाळवी लागली तरी चालेल. पण मूल ज्या भरवशाने डोळे मिटून आत निजते, तो भरवसा कुणाला विकू देऊ नका.