खोड सांगून व्यवहार

हेड्याच्या तिन्ही गाई त्या हंगामात गव्हाचं दळण खाऊन माजल्या होत्या. पाऊस लांबलेला, माळावरची माती तापून भुगा झालेली, आणि गावातली बाकीची गुरं वाळल्या गवताच्या काडीला महाग झालेली. याच्या गाई मात्र चारा दिसला की तोंड फिरवायच्या आणि पिशवीचा आवाज झाला की दावं ताणायच्या.

हेड्या म्हणजे गुरं घेणारा आणि विकणारा. धंद्यात त्याचं नाव चांगलं होतं. घरी एकटा होता आणि दोन्ही वेळचं जेवण थोरल्या बहिणीकडे, म्हणजे त्याच्या चुलीला पिठाची गरजच नव्हती. तरी तो दीड महिन्यापासून एक दिवसाआड गव्हाची पिशवी खांद्यावर टाकून गिरणीवर जायचा आणि घरी आल्यावर ती तशीच गव्हाणीत उलटी करायचा. बहिणीला द्यावं तर ती विचारणार, एवढं दळण कुणासाठी. गाई विचारत नव्हत्या.

दळण कुणासाठी, ते बहिणीला सोडा, सगळ्या गावाला ठाऊक होतं. गिरणी बाजारतळाच्या कडेला होती. वारा सुटला की तळावरची धूळ गिरणीत जायची आणि गिरणीतलं पीठ तळावर यायचं. गिरणीवाली वर्षापूर्वी दुसऱ्या गावाहून आलेली. बंद पडलेली गिरणी मामाकडून घेतली, पट्टा बदलला, दगडांना स्वतः छिन्नीनं टाकी लावली आणि महिन्याभरात दळण सुरू केलं. तिशी ओलांडलेली, हाताला बळ आणि जिभेला त्याहून जास्त. हेड्या पहिल्या दिवशी तिला ‘तू’ म्हणाला, तेव्हापासून तीही त्याला ‘तू’ म्हणायला लागली, आणि हेड्याचं मन तिथंच गेलं.

अडचण एकच होती. गिरणी चालू असली की शेजारी बसलेल्याचं ऐकू यायचं नाही. त्यामुळे हेड्याला आपलं प्रेम ओरडून सांगावं लागायचं. तू आज थकलेली दिसतेस, हे वाक्यसुद्धा तो रानात दूरच्या माणसाला हाक मारावी तसं बोलायचा. रांगेतल्या बायका पोत्यांवर बसून सगळं ऐकायच्या आणि नंतर विहिरीवर त्याची नक्कल करायच्या. गिरणीवाली हसायची, पण तीही त्याची वाट बघायची. मागच्या आठवड्यात ती म्हणाली होती, पुढच्या महिन्यात करून टाकू लग्न. हेड्या घरी आला तो गाईंनाच आधी सांगत सुटला.

आणि मग तो दाढीला गेला.

सलूनवाल्याच्या खुर्चीवर हेड्यानं आजवर फार गोष्टी सांगितल्या होत्या. तालुक्याची नर्स, तंबूतल्या सिनेमाची तिकिटं फाडणारी, आणि गावातलीच पोल्ट्रीवाली. प्रत्येकीची गोष्ट तो तोंडाला साबण असतानाही सांगायचा आणि बाकावरची मंडळी वाहवा करायची. त्या दिवशी सलूनवाला गालावर वस्तरा धरून सहज म्हणाला, की गिरणीवाली आधीच्या गावी एका बोअरवेलवाल्याबरोबर दोन वर्षं राहत होती म्हणे, लग्न न करता. हेड्या दचकला आणि त्याचा गाल कापला.

पुढचे दोन दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. बाजारात एका शेतकऱ्याला पहिलारू, पहिल्याच वेताची गाय हवी होती, तर हेड्या सवयीनं त्याला सांगत होता, की पहिलारूच्या नादी लागू नका, पुढच्या वेताची घ्या, ती शहाणी असते, माणसाला ओळखते. हे बोलताना त्याच्या डोक्यात काही लखलखलं नाही. डोक्यात बोअरवेलवाला बसला होता, आणि तो खोल खोल जात होता.

तिसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन गिरणीवर गेला. हे विचारणं खाजगीत व्हायला हवं, एवढी समज त्याला होती. म्हणून त्यानं गिरणी भरात असतानाच तोंड तिच्या कानाशी नेलं. नेमका तेव्हाच पट्टा सुटला, गिरणी धापा टाकत थांबली, आणि बाजारतळावर सगळीकडे हेड्याचा आवाज घुमला.

“तू लग्नाआधी कुणाबरोबर राहिली होतीस का?”

पोत्यांवरच्या सहा बायांनी माना वळवल्या. पलीकडे बैलाच्या पायाला नाल ठोकणाऱ्यानं हातोडा तसाच वर धरला. हेड्यानं तोंडावर हात धरला, पण शब्द तर कधीच सगळ्यांच्या कानी पोचले होते.

गिरणीवालीनं पीठ लागलेले हात पदराला पुसले. ती लाजली नाही आणि चिडलीही नाही, निदान दिसलं तरी नाही. तिनं विचारलं, “तुझ्या बाजारात जनावराचा व्यवहार करताना काय नियम आहे?”

नियम सगळ्यांना पाठ होता, हेड्याच्या बापानंच घालून दिलेला. दावं हातात देण्याआधी तळावरच्या लोखंडी खुंट्यापाशी दोन साक्षीदारांसमोर जनावराची खोड सांगायची. लाथ मारते, दूध चोरते, दुसऱ्याच्या रानात घुसते, जे असेल ते. लपवलेली खोड पुढे निघाली, तर लपवणाऱ्यानं आठ दिवस समोरच्याच्या दारात जाऊन स्वतःच्या हातानं त्याची गुरं चारायची. बाजार बघतोय, ही खरी शिक्षा.

“आणि लग्न म्हंजे काय, विक्री की अदलाबदल?”

“विक्री कशी असेल,” हेड्या पुटपुटला. “अदलाबदलच म्हणायची.”

“मग खोड दोघांनी सांगायची. बाजाराच्या दिवशी, सकाळी. साक्षीदार तू आण. आणि एक आत्ताच सांगते, मी गाय नाही. तुला दुसरा नियम कळत नाही म्हणून हा लावतेय.”

हेड्याला वाटलं, सुटलो. ती सांगेल, आपण मोठ्या मनानं माफ करू, गावात आपलीच वाहवा होईल. साक्षीदार म्हणून त्यानं आपली थोरली बहीण आणि सलूनवाला निवडले. एक रक्ताची, दुसरा दोस्त. माणूस जनावर पारखताना चुकत नव्हता, पण साक्षीदार पारखताना त्याची पार फसगत झाली.

बाजाराच्या दिवशी वारा वेड्यासारखा सुटला होता. खुंट्याभोवती गर्दी जमली ती मुळीच गुरांसाठी नव्हती. ज्यांच्या घरी दळण संपलं नव्हतं, त्या बायासुद्धा डोक्यावर गव्हाची टोपली घेऊन आल्या होत्या. पोल्ट्रीवालीही मक्याच्या पोत्यावर टेकून उभी होती. हेड्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

गिरणीवाली आधी बोलली. एक माणूस होता, दोन वर्षं. बोअरवेल खणायचा. आवडायचा मला, म्हणून राहिले. नंतर तो दर गावात राहायला लागला, म्हणून सोडला. तीन दिवस रडले, चौथ्या दिवशी गिरणीचा पट्टा बसवायला शिकले. बाकी खोडी म्हणाल तर घोरते, सकाळी चहाआधी कुणी बोललेलं चालत नाही, आणि भांडण झालं की आधी मी गप्प बसत नाही. एवढं सांगून ती बाजूला झाली. गर्दीतल्या दोघी-तिघींनी चहाच्या मुद्द्यावर माना डोलावल्या.

मग हेड्या पुढे झाला. त्यानं टोपी सारखी केली आणि सांगितलं, की त्याला घाईची सवय आहे आणि तिखट जास्त लागतं. बाकी काही नाही.

सलूनवाला खाकरला. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. हेड्यानं त्याच्याकडे डोळे वटारले. पण खोड लपवणाऱ्या साक्षीदाराला बाजारात परत कुणी उभं करत नाही, आणि सलूनवाल्याची एक शेळी विकायला होती.

“नर्सचं राहिलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तिकीटवालीचंही.”

“ते तर पुरुषाचं…” हेड्या म्हणाला. “ते खोडीत धरत नाहीत.”

“मी सांगू का थोडं?” पोल्ट्रीवाली पोत्यावरून उठली. तिचा आवाज शांत होता. “चार महिने हा माझ्या शेडवर अंडी न्यायला यायचा. अंडी खात नाही हे मला नंतर कळलं. लग्नाचं मी काढलं, तर म्हणाला, जी लग्नाआधी माझ्याबरोबर फिरली ती कुणाबरोबरही फिरेल. मी म्हटलं, अरे, बरोबर तर तूच होतास की. तर म्हणाला, माझी गोष्ट वेगळी.”

कुणी हसलं नाही. वाऱ्यानं कुणाच्या तरी टोपलीवरचं फडकं उडवलं, ते आणायलाही कुणी हललं नाही. गिरणीवालीनं हेड्याला विचारलं, “वेगळी कशी?”

हेड्यानं खरंच विचार केला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं या गोष्टीचा विचार केला. जनावराचे दात बघून वय सांगणारा माणूस, पण स्वतःच्या तोंडातलं वाक्य उघडून त्यानं कधी बघितलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “मी पुरुष आहे म्हणून.”

“ही तर आणखी एक खोड झाली,” थोरली बहीण म्हणाली. “तिनं कारण विचारलंय.”

मग मात्र लोक हसले, आणि नालवाला हसता हसता खाली बसला. हेड्याचे कान लाल झाले. त्याला लाज वाटत होती, आणि ती गर्दीची नव्हती हे त्याचं त्यालाही कळत होतं. पोल्ट्रीवाली त्याच्याकडे बघतही नव्हती, तेच त्याला जास्त लागलं. त्याहून मोठी भीती ही, की गिरणीवाली आता नाही म्हणणार.

ती नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. तिनं फक्त नियम लावला. खोड लपवली, तेव्हा आठ दिवस चारायचं. तिच्या दारात जनावर नव्हतं, गिरणी होती. हेड्यानं आठ दिवस गिरणीला दाणे चारायचे आणि रोज एक खोड सांगायची. गिरणी चालू असताना, तिला ऐकू जाईल अशी.

त्या आठ दिवसांत गावानं जेवढं दळलं तेवढं वर्षात दळलं नसेल. हेड्या स्टुलावर उभा राहून गिरणीच्या पत्र्याच्या तोंडात धान्य ओतायचा आणि ओरडायचा. पहिल्या दिवशी ओरडला, नर्सला मी माझी दोन एकर बागायत आहे असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी, तिकीटवालीनंच मला सोडलं, मी उलटं सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी, सलूनमधल्या निम्म्या गोष्टी झाल्याच नव्हत्या. ही खोड सगळ्यांत जड गेली, दोनदा ओरडावी लागली. चौथ्या दिवसापर्यंत त्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या आणि आवाज बसला. बायका रांगेतून नव्या खोडी सुचवायला लागल्या, तेव्हा गिरणीवालीनं त्यांना मनाई केली.

सातव्या दिवशी त्याला पोल्ट्रीवालीचं सांगायचं होतं. गिरणीवाली म्हणाली, ती खोड इथं नको, जिची आहे तिला सांग. तो गेला. शेडच्या दारात उभा राहून, बसलेल्या आवाजात म्हणाला, की चूक माझी होती आणि नाव तुझं खराब केलं. पोल्ट्रीवालीनं ऐकून घेतलं. म्हणाली, ऐकलं, आता हे पोतं आत ने. त्यानं नेलं. तिनं आणखी अकरा दाखवली. तीही त्यानं नेली. परत येताना त्याच्या अंगाला कोंबड्यांचा वास येत होता, पण मन हलकं होतं.

आठव्या दिवशी त्याच्याजवळ सांगायला एकच उरली होती. रांग संपली होती. गिरणीवाली पट्टा उतरवत होती, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती, आणि त्याच्या घशात तेवढं बळही नव्हतं.

“मी दीड महिना जे दळण नेलं,” तो म्हणाला, “त्यातलं चिमूटभरही खाल्लं नाही. सगळं गाईंना घातलं.”

गिरणीवालीनं पट्टा खुंटीला अडकवला. मग ती म्हणाली, “माझीही एक राहिलीय. दुसऱ्याच खेपेला तुझ्या पिशवीला गाईची लाळ होती. तेव्हापासून मी तुझं दळण बारीक केलंच नाही. जनावराचा भरडाच देतेय. पीठ खाऊन बिचाऱ्यांचं पोट बिघडलं असतं.”

सगळ्या बाजाराचा माल पारखणाऱ्या माणसानं दीड महिना स्वतःच्या पिशवीत डोकावून बघितलं नव्हतं. त्यानं घाबरत विचारलं, मग आता काय, खोड तर तूही लपवलीस.

“लपवली. तेव्हा मलाही आठ दिवस,” ती म्हणाली आणि स्टूल उचलून आत ठेवलं. “उद्यापासून तुझ्या गाईंना मी चारते. तू घरी चूल पेटव. आणि गिरणीवर येताना गहू आण, नीट निवडून. या वेळी खायचं दळू.”